तेरा नंबरची तार

अण्णा मंगळवारी गेला. सकाळी आठला तो कारखान्यात गेला. साडेअकराला कारखान्यातून फोन आला. मी आणि वदिना रिक्षाने दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी सांगितलं. संध्याकाळी पाचला आम्ही त्याला घेऊन निघालो. परत घरी आलो तेव्हा चहाची वेळ होऊन गेली होती.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि वदिना त्याची बायको. आम्ही घरात तेलुगू बोलतो. तेलुगूत वहिनीला वदिना म्हणतात. तिची बोलणी इथे मी मराठीत लिहितो आहे. लिहिताना त्यातली धार थोडी कमी होते, तेवढी वाचणाऱ्यानं वाढवून घ्यावी. आमचं घराणं विणकरांचं. आजोबा हातमागावर बसले, वडील पॉवरलूमवर उभे राहिले आणि अण्णा चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायचा. ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरत तो मोर उभा करायचा, कमळ उमलवायचा. मी एकटा पुस्तकांकडे गेलो. एका कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढून निवृत्त झालो. लग्न केलं नाही, भावाकडेच राहिलो. वदिना मला मास्तर म्हणते. मी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही, हे तिला ठाऊक आहे.

आमच्या पुढच्या खोलीत भिंतीवर एक गिटार आहे. कॉलेजची मुलं खांद्याला लावून फिरतात तसली नव्हे. हिचं पोट व्हायोलिनसारखं फुगीर आहे, मधोमध गोल भोक नाही, दोन्ही बाजूंना वळणदार फटी आहेत. हिला आर्चटॉप म्हणतात, जॅझ वाजवणारे वापरतात. तरुणपणी अण्णा रेल्वे लाइन्समधल्या एका इंजिन ड्रायव्हरच्या घरी रेकॉर्डी ऐकायला जायचा. तो ड्रायव्हर निवृत्त होऊन मुलीकडे परदेशी निघाला, तेव्हा गिटार अण्णाला देऊन गेला. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे गल्लीतल्या प्रत्येक दुसऱ्या घरातून मागाचा खटका ऐकू येतो, तिथे अण्णा चाळीसेक वर्षं जॅझ वाजवत राहिला. ऐकणारे आम्ही दोघं. मी शेजारच्या खोलीत वाचत बसलेला, वदिना स्वयंपाकघरात.

रोज संध्याकाळी तो कामावरून यायचा, पिशवी खुंटीला लावायचा आणि हातपाय धुण्याआधी गिटार खाली घेऊन एकच कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले चार-पाच सूर, वाजवायचा. एकदाच, अंगठ्यानं, वरून खाली. ती वाजली की स्वयंपाकघरात वदिना चहा ठेवायची. त्यांचं असं काही ठरलेलं नव्हतं. निदान माझ्यासमोर तरी ठरलं नव्हतं. चहानंतर तो तासभर वाजवायचा, ते वेगळं. ती पहिली कॉर्ड म्हणजे मी आलो, एवढंच.

तो गेल्यावर घरातला चहा बिघडला. वदिना कधी साडेचारला ठेवायची, कधी सातला. एकदा एकाच संध्याकाळी दोनदा झाला, एकदा झालाच नाही.

मे महिन्यात एका दुपारी पुढच्या खोलीत टण्ण असा आवाज आला. सोलापूरचा मे म्हणजे भिंतीसुद्धा हाताला गरम लागतात. कुणी हात न लावता गिटारची पहिली तार तुटली होती. मी पुस्तकातून उठेपर्यंत वदिना दारात आली होती. दोन्ही हातांना भाकरीचं पीठ.

"आला?" ती म्हणाली.

मग तिनं लोंबणारी तार पाहिली. आत गेली. भाकरी थापल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "मास्तर, त्या तारा बदल."

"एकच तुटलीय, वदिना."

"बाकीच्या गंजल्यात. सगळ्या बदल. आणि ती पहिली कॉर्ड शिकून घे. संध्याकाळी तू वाजव. मला चहा कधी ठेवायचा ते कळत नाही."

"मला कुठं वाजवता येतं?"

"मैफल कोण मागतंय? एकच तर आहे." तिनं माझ्या ताटात शेंगाची चटणी वाढली. "पण आवाज तोच पाहिजे. दुसरा आला तर मी उठणार नाही, आधीच सांगते."

असं ते काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर मला त्यात रस वाटू लागला. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला कशात तरी रस वाटला आणि त्याची थोडी लाजही वाटली.

मी वाचायला बसलो. मला वाटत होतं, तार म्हणजे तार. तसं नसतं. गिटारच्या बारीक दोन तारा साध्या पोलादाच्या. जाड तारांच्या आत एक पोलादी गाभा असतो आणि त्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. गुंडाळलेली तार गोल असली तर तिच्यावर नखाला लागणाऱ्या बारीक वळ्या येतात. आवाज झळझळीत येतो आणि बोट सरकलं की चर्र असा ओरखडा उठतो. गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळली तर तार फितीसारखी गुळगुळीत होते. आवाज मऊ, गोलसर, थोडा झाकलेला. तिसरी एक जात आहे, गोल गुंडाळून मग वरून घासलेली. गुंडाळायची तारही कधी काशाची असते, कधी निकेलची. हे सगळं मी रोजनिशीत उतरवून घेतलं. ग्रंथालयात जन्म गेला की सवय जात नाही.

आता अण्णाच्या तारा कोणत्या? मी संगणकावर दुसऱ्या लोकांची वाजवणी ऐकली आणि तो चर्र ओरखडा मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. मग लक्षात आलं की शेजारच्या खोलीतून इतक्या वर्षांत तो मी एकदाही ऐकला नव्हता. मी उठून गिटारच्या सहाव्या तारेवरून नख ओढलं. नख घसरत गेलं, कुठे अडलं नाही. चपट्या पट्टीची तार. जे कधी ऐकलं नाही त्यावरून उत्तर मिळालं, याचा मला दिवसभर आनंद होता.

पुढचा प्रश्न जाडीचा. गिटारच्या पेटीतल्या छोट्या कप्प्यात ग्राफ पेपरचा एक तुकडा सापडला. अण्णाचं अक्षर: 'जाड घ्यायची. बारीक नको.' नंबर लिहिलेला नव्हता. पण जाड पाहिजे एवढं कळलं की पुढचं मला कुणाला विचारायची गरज नव्हती.

विणकराच्या घरात मूल अक्षरांच्या आधी सुताचा नंबर शिकतं. ठरावीक वजनाच्या सुतातून जितक्या जास्त लडी निघतील तितका नंबर मोठा. दहा नंबरचं सूत जाड, चादरीचं. वीसचं त्याहून बारीक. चाळीसचं आणखी. नंबर चढतो तसं सूत उतरतं. तारांचे सेट दहापासून तेरापर्यंत मिळतात असं मी वाचलं होतं. जाड हवी, म्हणजे दहा. त्या नंबराखाली काय लिहिलं होतं ते मी वाचलंच नाही. माहीत नसलेलं मी चार-चार वेळा वाचतो. माहीत असलेलं कशाला वाचायचं?

तरी खातरजमा म्हणून भाजी मंडईजवळच्या एका वाद्य दुरुस्तीवाल्या चाचांकडे गेलो. ते सतारी आणि हार्मोनियम दुरुस्त करतात. गिटारला हात लावत नाहीत, पण तारेवर त्यांचा जन्म गेला आहे.

"चाचा, तारेचा नंबर मोठा झाला की तार बारीक होते ना?"

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सर, ये भी कोई पूछने की बात है? तीस से इकतीस पतला, इकतीस से बत्तीस पतला. सबकू मालूम है." मग हसले. "लायब्ररी छूटी तो कायकू ऐसे सवाल लेके फिर रहे?"

दोन धंद्यांची साक्ष मिळाली. मी घरी येऊन पुण्याच्या एका दुकानाला फोन लावला. आवाजावरून दुकानदार तरुण वाटला.

"चपट्या पट्टीच्या पाहिजेत? आहेत. कितीचा सेट देऊ? दहा, अकरा, बारा, तेरा."

"दहा."

"सर, आर्चटॉप म्हणालात ना? दहा नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. आता आठवलं की कान गरम होतात. विणकराच्या पोराला नंबर शिकवतोय, असंसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं.

पाच दिवसांनी पाकीट आलं. तारा बदलण्याबद्दल मात्र मी नीट वाचलं होतं. या गिटारची घोडी, म्हणजे तारांखालचा लाकडी टेकू, चिकटवलेली नसते. ती नुसत्या तारांच्या दाबावर उभी असते. सगळ्या तारा एकदम काढल्या तर घोडी घसरते, आणि वाजवणाऱ्यानं सुरासाठी शोधलेली तिची जागा हरवते. अण्णानं ती जागा कानानं शोधली होती. म्हणून मी एकेक तार काढत आणि लावत गेलो. पूर्ण दुपार गेली. घोडी केसभरही हलली नाही. हे एक काम मी चांगलं केलं, असं अजूनही वाटतं.

सहा वाजता मी मोकळ्या तारांवरून अंगठा फिरवला. आवाज आला तो पातळ. जसं दुसऱ्या घरात कुणी वाजवतंय आणि मध्ये दोन दारं बंद आहेत. मी पुन्हा फिरवला. स्वयंपाकघरात भांडं हललं नाही. तिसऱ्यांदा फिरवल्यावर वदिना दारात आली.

"मास्तर, डास गुणगुणतोय का?"

"तारा नव्या आहेत, म्हणून असेल."

ती आली, बोटानं पहिली तार दाबून पाहिली. तार बोटाखाली सहज वाकली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला वाटलं रडेल, पण तिनं पदर तोंडाला लावला तो हसू आवरायला.

"दहा आणल्यास का?"

वदिनाला गिटारमधलं काही कळतं, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"तुझ्या अण्णानंही पहिल्यांदा दहाच आणल्या होत्या. लग्नानंतरच्या वर्षी. तूच तेव्हा पोस्टातून आलेलं पाकीट सोडवून घेतलं होतंस. दोन दिवस कुणाशी बोलला नाही. म्हणाला, सुताचा नंबर इथे चालत नाही, उलटा आहे. मग तेराच्या आणल्या. तेव्हापासून तेराच."

"मग कागदावर नंबर का नाही लिहिला?"

"लाज वाटली असेल. कुणी वाचलं तर म्हणेल, सोलापूरच्या माणसाला नंबर लिहून ठेवावा लागला."

"वदिना, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू मला विचारलंस कुठं? तू पुस्तकाला विचारत होतास." ती आत वळली. "आणि त्या दहाच्या तारांतली एक अजून घरात आहे. इकडे ये."

मी मागोमाग गेलो. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. मी महिनोन् महिने, वर्षानुवर्षं त्या कॅलेंडरचं पान उलटलेलं आहे. दर जानेवारीत कॅलेंडर नवं यायचं, पण खिळ्याला अडकवलेली तार तीच. बारीक, चकचकीत, तिच्या एका टोकाला मोहरीपेक्षा जरा मोठा पितळी मणी. गिटारच्या तारेला असतो तसा मणी. मी दुपारी लावलेल्या सहाही तारांना तसेच मणी होते.

मी तिथे स्टूल ओढून बसलो. मला हसू येत होतं आणि येत नव्हतं. अण्णा घरात असताना त्याच्याशी माझं बोलणं फार नव्हतं. तो वाजवायचा, मी वाचायचो. आणि आता, तो नसताना, मी अगदी त्याच्या पावलावर पाऊल टाकून चुकलो होतो. मला वाटलं, हे त्याला सांगायला हवं. ते वाटणं संपायला थोडा वेळ लागला.

तरीही माझी उत्सुकता सुटली नव्हती. नंबर उलटा का? दुसऱ्या दिवशी तुटलेली जुनी तार रुमालात गुंडाळून मी एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे मागाचे सुटे भाग बनवतात. लेथवरचा कारागीर मैंदर्गीकडचा; अण्णाला ओळखणारा. त्यानं मायक्रोमीटरच्या दोन जबड्यांत तार धरली, चाक हळू फिरवलं, उजेडाकडे धरून वाचलं.

"तेरा हाय की. इंचाचे हजार भाग करा, त्यातले तेरा." मग तार परत देताना म्हणाला, "लई नाजूक जिन्नस हाय, सर. आता कोण वाजवतंय तुमच्यात?"

"मी," मी म्हणालो.

"व्हय?" त्यानं माझ्या बोटांकडे पाहिलं आणि लेथकडे वळला.

परत येताना मला ते उलगडलं. सुताचा नंबर म्हणजे किती लांब निघालं याची मोजणी; जितकं लांब तितकं बारीक. गिटारच्या सेटचा नंबर म्हणजे सरळ त्यातल्या पहिल्या, सगळ्यांत बारीक तारेची जाडी. एकात लांबी बोलते, दुसऱ्यात जाडी. चाचांच्या सतारीच्या तारेचा नंबरही सुतासारखाच चालतो, गिटारसारखा नाही. दहा आणि तेरात इंचाच्या हजार भागांतल्या तीन भागांचा फरक, डोळ्याला जेमतेम दिसतो. पण फुगीर पोटाच्या या गिटारची वरची फळी जाड असते. तिला हलवायला ताण लागतो, आणि ताण जाड तारेत असतो. दहाच्या तारेला ती फळी हललीच नव्हती. हे सगळं मी रोजनिशीत लिहिलं आणि खाली लिहिलं: 'वदिनाला आधी विचारणे.'

तेराचा सेट मागवताना पुण्याच्या दुकानदारानं "दहाचं काय झालं, सर?" असं विचारलं. मी म्हणालो, कॅलेंडरला लावल्या. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

तेराच्या तारा पिळताना खुंट्या कुरकुरल्या. घोडीवर दाब वाढलेला हाताला कळत होता. अंगठा फिरवला तर आवाज खोलीत उभा राहिला. आत वदिना भांडी घासायची थांबली.

राहिली ती कॉर्ड. अण्णाच्या ग्राफ पेपरचे गठ्ठे कपाटात होते. मोर, कमळं, वेलबुट्टी, आणि मधूनच एखाद्या पानाच्या कोपऱ्यात सहा उभ्या रेघा आणि त्यावर चार-पाच ठिपके. पूर्वी मी ते पाहिलं होतं तेव्हा अर्धवट सोडलेलं डिझाइन समजलो होतो. त्या गिटारच्या कॉर्डी होत्या: सहा रेघा म्हणजे सहा तारा, ठिपका म्हणजे बोटाची जागा. मोजल्या तर एकोणीस भरल्या. त्यांतली रोजची कोणती, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

या वेळी मी आधी विचारलं. "वदिना, तुला ओळखू येईल?"

"वाजव तर."

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी शेंगा फोडत बसली. मी पाटावर गिटार मांडीत घेऊन कागद पुढे ठेवले. तेराची तार दाबणं सोपं नाही; बोटाच्या पेरात रेघ उमटते आणि तार तरी पुरती दबत नाही. एकेक कॉर्ड जमवायला मला पाच-पाच मिनिटं लागत होती.

"ही?"

"नाही."

"ही?"

"ही नव्हे. ही तो पाऊस यायच्या वेळी वाजवायचा."

"ही?"

"काय मास्तर, एक तार मुकीच राहिलीय. नीट दाब."

मी नीट दाबली. नव्हती. असं तीन संध्याकाळी चाललं. माझी चार बोटं सोललेल्यासारखी लाल झाली. वदिनानं त्यावर एरंडेल लावून दिलं आणि अण्णाच्या बोटांना पहिल्या वर्षी कसे घट्टे पडले होते ते सांगितलं. हेही मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी एका मोराच्या पायाशी काढलेली चार ठिपक्यांची कॉर्ड होती. बोटं बसवली. अंगठा वरून खाली फिरवला.

शेंग फोडायचा आवाज थांबला. मी वर पाहिलं नाही. तारांचा आवाज विरत गेला.

"ही," वदिना म्हणाली.

"आवाज तोच आहे का?"

तिनं विचार केला. ती खोटं बोलणाऱ्यांतली नाही. "कॉर्ड तीच. आवाज अजून कोरा आहे. मागावरून उतरलेल्या चादरीसारखा."

मी वाचलेलं सांगितलं. चपट्या तारांचा नवेपणा वाजवून वाजवून जातो. बोटांचा घाम, धूळ, हवा सगळं त्यांत बसतं, मग आवाज मऊ होतो. अण्णाच्या तारा कित्येक वर्षांच्या होत्या. तसा आवाज पाकिटात मिळत नाही.

"किती दिवस लागतात?"

"रोज वाजवलं तर वर्षभरात थोडा येईल. पूर्ण येईल की नाही, सांगता येत नाही."

"रोज एकदा वाजवून?"

"एकदा वाजवून जास्त वेळ लागेल."

तिनं शेंगांची टरफलं सुपात गोळा केली. मला वाटलं, ती आता म्हणेल, मग राहू दे. आवाज दुसरा आला तर उठणार नाही, असं तिनंच आधी सांगितलं होतं. मी गिटार भिंतीला परत लावायला उठलो.

"सहाला वाजव," ती म्हणाली. "लवकर नको, उशिरा नको." आणि उठून आत गेली. थोड्या वेळानं स्टोव्हवर भांडं ठेवल्याचा आवाज आला.

त्याला आता दीड वर्ष होत आलं. दुसरी कॉर्ड मी शिकलो नाही. कधीतरी वाटतं शिकावी, ती पाऊस यायच्या वेळची तरी. अजून शिकलो नाही.

गिटार भिंतीवर आहे. तिच्यावर तेराच्या तारा आहेत. अण्णाच्या तारा, तुटलेली धरून सहा, पेटीच्या कप्प्यात आहेत. कॅलेंडर जुन्याच तारेवर आहे. मला एक कॉर्ड येते, आणि चहा सहाला होतो.